चाळीशी लावली आणि अक्षरं थांबली

आमच्या वर्गाचा पहिला आठवडा पार वाया गेला आणि तो का वाया गेला हे कळायला मला अजून एक आठवडा लागला. मुख्यतः तेवढ्यासाठीच हे लिहितेय, कारण बऱ्याच गावांत आता उल्लासचे, म्हणजे मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायचे वर्ग चालू आहेत आणि स्वयंसेवक म्हणून नाव दिलेल्या पोरींना ही गोष्ट कुणी सांगत नाही, मला तरी कुणी सांगितली नव्हती.

मी खटाव तालुक्यात दिलेली, सातारा जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा कोरडा भाग. बी.ए. झालेय आणि बचत गटाचं दप्तर माझ्याकडे असतं, त्यामुळे डिसेंबर २०२३ मध्ये शाळेतल्या सरांचा निरोप आला की वहिनी तुमचं नाव स्वयंसेवक म्हणून टाकू का, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. उल्लास म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७ असा पाच वर्षांचा. पंधरा वर्षांच्या पुढचं ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा कुणालाही त्यात शिकता येतं आणि शिकवणारे सगळे बिनपगारी. आधीच्या साक्षर भारत योजनेत गावातलं केंद्र चालवणाऱ्या प्रेरकांना महिन्याला २००० रुपये तरी होते, इथे तेही नाही. मला पैशाची अपेक्षा नव्हती पण एक सांगते, वह्या पेन्सिली खडू यांचा खर्च स्वयंसेवकाच्या खिशातून जायला नको, जिच्याकडे तेवढे पैसे नसतात ती हुशार पोरगी नाव द्यायलाच पुढे येत नाही.

त्या वर्षी शिक्षक संघटनांनी लिहिता-वाचता न येणारे शोधायच्या सर्वेक्षणावर बहिष्कार घातला होता म्हणून आमच्याकडे नोंदणी उशिरा झाली. मी आणि अंगणवाडीच्या ताई घरोघरी गेलो. आणि कुणीच म्हणेना की मला वाचता येत नाही. "मला येतीय की सही" हे उत्तर दहा घरांत ऐकलं. सही येते म्हणजे काय तर बचत गटाच्या रजिस्टरवर पाच-सहा वर्षं एकच आकार काढून काढून हाताला बसलेला असतो, त्यातलं पहिलं अक्षर वेगळं काढून दाखवलं तर ओळखता येत नाही. एका मावशींना मी त्यांच्याच सहीतला "सु" बोटाने झाकून विचारलं की आता काय राहिलं, तर त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग हळू आवाजात म्हणाल्या, "ते सगळं मिळून माझं नाव हाय, सुटं सुटं मला न्हाय ठावं." त्यांनी इतकं खरं सांगितलं की माझ्या डोळ्यात पाणी आलं. नाव लिहून घेतलं. असं करत अकरा जणी झाल्या, आणि त्यात माझ्या सासूबाई.

आता सासूबाईंना सुनेनं शिकवायचं हे घरात कसं चालेल याची मला धास्ती होती. आमचं चांगलं आहे पण तरी चुलीपाशी त्या मला सांगणार आणि रात्री वहीपाशी मी त्यांना सांगणार हे सोपं नसतं. आईंनी (मी त्यांना आईच म्हणते) पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "चारचौघीत मला चुकली म्हनायचं न्हाय." मी कबूल केलं.

वर्ग पहिले दोन दिवस शाळेत भरला, तो चुकलाच. शाळा गावाच्या टोकाला, रस्त्यात दिवा नाही, आणि पहिलीच्या मुलांच्या बाकात पन्नाशीच्या बाया मावत नाहीत. तिसऱ्या दिवसापासून मारुतीच्या देवळाच्या मंडपात आणला, तिथे ट्यूबलाईट आहे. वेळ साडेआठची. धार काढून, दूध डेअरीला घालून, भाकरी-कालवण उरकून, ज्यांच्या घरी जेवायला पुरुष माणसं उशिरा येतात त्यांनी झाकून ठेवून, असं सगळं बघून ती वेळ बायकांनीच ठरवली. मी सहाची म्हणत होते, सहाला एकही आली नसती.

तरी चौथ्या दिवशी अकरातल्या चारच आल्या. आई पण नाही आल्या. घरी विचारलं तर म्हणाल्या डोकं दुखतंय. दुसऱ्या दिवशी परत डोकं. मला वाटलं सुनेकडून शिकायचं त्यांना मानवत नाहीये आणि मी मनातून खट्टू झाले, पण बोलले नाही. बाकीच्यांची पण तीच तऱ्हा. कुणी म्हणे डोळ्यातून पाणी येतं, कुणी म्हणे जांभया येतात, एक काकी म्हणाल्या की पुस्तक उघडलं की मुंग्या चालल्यासारखं होतं आणि तेव्हा पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, मी आपली समजूत काढत राहिले की काकी सवय होईल.

मग एका दुपारी आई तांदूळ निवडत होत्या. सूप पार लांब, गुडघ्याच्या पुढे ढकललेलं, मान मागे घेतलेली आणि खडे डोळ्यांनी कमी, बोटांनी जास्त शोधत होत्या. मी हे रोज बघत होते, लग्न झाल्यापासून बघत होते. त्या दिवशी सासऱ्यांचा वाचायचा चष्मा खुंटीला होता, तो मी आईंच्या डोळ्यांवर ठेवला आणि वर्गात शिकवायच्या उजास पुस्तकाचं पान समोर धरलं. त्या काही बोलल्या नाहीत. चष्मा काढला, परत लावला. पानावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "थांबली गं अक्षरं."

चाळीशी! आपल्या भाषेत त्या चष्म्याचं नावच चाळीशी आहे, चाळीस ओलांडली की जवळचं दिसेनासं होतं हे आपल्या आजी-पणजीला माहीत होतं म्हणून तर ते नाव पडलं. पण ज्या बाईला वाचायचंच नसतं तिला चाळीशी कोण आणून देणार? सासऱ्यांना पेपर वाचायचा असतो म्हणून त्यांना आणली. आईंनी सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारायची, एवढंच. आमच्या अकराजणींत आठ जणी पंचेचाळीसच्या पुढच्या, आणि त्या सगळ्या आठवडाभर न दिसणाऱ्या अक्षरांकडे बघत बसल्या होत्या आणि आपल्यालाच येत नाही, आपलं डोकं चालत नाही असं मनाशी धरून घरी जात होत्या. याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढच्या बाजाराला आम्ही आठ जणी जीपने तालुक्याला गेलो. आधी सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घेतले, दोघींना मोतीबिंदूची सुरुवात निघाली, बाकीच्यांना नुसता जवळचा नंबर, दीड, दोन, एकीला अडीच. बाजारात तयार चाळीशी शंभर-सव्वाशेला मिळाली. गटाच्या जमा रकमेतून पैसे घेतले आणि महिना वीस रुपयांनी फेडले. तुम्ही वर्ग सुरू करणार असाल तर पाटी-पेन्सिलच्या आधी हे करा, अगदी हात जोडून सांगते. त्या दिवसापासून आमच्या वर्गात कुणाचं डोकं दुखलं नाही.

शिकवायला सुरुवात मी नावापासून केली. उजासचे भाग चांगले आहेत, चित्रं आपल्याकडची आहेत, पण बाईला पहिल्यांदा स्वतःचं नाव हवं असतं. एकीचं नाव तीन सुट्या अक्षरांचं, काना नाही मात्रा नाही, ती दोन दिवसांत लिहायला लागली. दुसरीच्या नावात जोडाक्षर आणि वर अनुस्वार, तिला पंधरा दिवस लागले आणि ती म्हणायची माझ्या आईबापानं सोपं नाव का न्हाय ठेवलं. हात हा पण मोठा विषय आहे. आयुष्यभर खुरपं आणि विळा धरलेली मूठ, पेन्सिल त्या मुठीतच धरतात आणि एवढा जोर देतात की टोक मोडतं नाहीतर कागद फाटतो. मी आधी आठ दिवस नुसती रांगोळी काढायला लावली, जमिनीवर, चिमटीने. रांगोळीत चिमूट हलकी असते ना, तीच चिमूट पेन्सिलवर आणायची. ठिपके जोडणं, गोल, वेलांटीसारखं वळण, हे सगळं त्यांच्या हातात आधीपासून होतं. तिथून ग आणि र यायला वेळ नाही लागला.

मग आली पूर्ण नाव लिहायची वेळ. पूर्ण नाव म्हणजे मधे नवऱ्याचं नाव. आणि आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, उखाण्यात घेतील तेवढंच, तेही सण-कार्याला. मी आईंना विचारलं मधलं नाव सांगा, म्हणजे मी अक्षरं सुटी करून देते, तर त्या गप्प. बाकीच्या हसायला लागल्या. मी म्हटलं बरं, बोलू नका, मी पाटीवर लिहिते तुम्ही बघून काढा. आईंनी चष्मा नीट केला आणि एक एक अक्षर काढत सासऱ्यांचं नाव लिहिलं. पन्नास-बावन्न वयाच्या बाईने जे नाव कधी साधं तोंडाने घेतलं नाही ते आधी लिहिलं. घरी येताना त्यांनी ते पान वहीतून फाडून घेतलं. सासरे ओट्यावर बसले होते, त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि आत गेल्या. सासऱ्यांनी ते पान किती वेळ हातात धरून ठेवलं होतं हे मी उंबऱ्यातून बघितलंय. दुसऱ्या दिवसापासून साडेआठला "आवरलं का तुमचं, वर्ग हाय" असं तेच म्हणायला लागले.

अंकांबद्दल मात्र सविस्तर लिहायला पाहिजे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. लोकांना वाटतं अडाणी बाईला हिशेब येत नाही. आमच्या आई मुकादमासारख्या बायकांची टोळी घेऊन खुरपणीला जातात. एकदा मी मुद्दाम विचारलं, सहा बायका, तीनशे रोज, चार दिवस, पण दोघी एक दिवस दुपारनंतर घरी गेल्या, किती द्यायचे? मी मोबाईल काढेपर्यंत उत्तर आलं, सहा हजार नऊशे. कसं काढलं विचारलं तर म्हणाल्या चोवीस रोज, दोन अर्धे मिळून एक रोज गेला, राहिले तेवीस, विसाचे सहा हजार आणि तिनाचे नऊशे. हे गणितच आहे आणि ते पक्कं आहे. कागदावर उतरवता येत नाही एवढंच.

आणि उतरवताना अडतं ते आपल्या मराठीमुळे. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी म्हणतो आणि वीस नंतर, म्हणून बाया सरळ ५२ लिहितात, जसं ऐकलं तसं. त्यात एकोणचाळीस आलं की बघायलाच नको, कानावर चाळीस पडतं आणि हाताने चार निघतो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला "वीस एक" दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, मी पण तेव्हा घरात त्याच्या विरोधातच बोलले होते की आपली मराठी कशाला बिघडवता. आता माझं मत बदललंय. शिकणाऱ्याच्या बाजूला बसून बघितलं की कळतं ते कशासाठी होतं. मी वर्गात नोटा-नाणी मांडायला लागले. डावीकडे विसाची नोट, उजवीकडे पाचाचं नाणं, आधी नोट लिहा मग नाणं. हे त्यांना एका रात्रीत पटलं.

दुसरी अडचण म्हणजे आकडे दोन तऱ्हेचे. पुस्तकात मराठी आणि पासबुकात, मोबाईलवर, गॅसच्या पावतीवर इंग्रजी. इंग्रजी नऊ आपल्या १ सारखा दिसतो, इंग्रजी आठ आपल्या ४ चं तोंड मिटवल्यासारखा. एका मावशींनी नातेवाईकाचा नंबर लावायला घेतला आणि कुणा भलत्याच माणसाला फोन गेला. इथे पण नोटाच कामाला आल्या, २०१६ नंतरच्या नव्या नोटांवर दोन्ही तऱ्हेचे आकडे छापलेत, शोधा म्हटलं की बायकांना शोधायला मजा येते.

आमच्या घरात आजेसासूबाई आहेत, आता ऐंशीच्या घरात. त्या रोज रात्री विचारायच्या काय शिकली गं आज, आणि एका रात्री म्हणाल्या, "मी पन साक्षर झाली हुती." आम्ही सगळे चाट. आजी लग्न होऊन आल्या तेव्हा गावात ग्रामशिक्षण मोहीम चालली होती. १९५९ मध्ये ती मोहीम आपल्या सातारा जिल्ह्यातच सुरू झाली आणि मग सगळ्या महाराष्ट्रात गेली. कंदिलाच्या उजेडात वर्ग, आणि सगळं गाव शिकलं की ग्रामगौरव समारंभ, मिरवणूक, सगळ्यांनी मिळून शपथ. आजींना त्या दिवशी नेसलेल्या लुगड्याचा रंग आठवतो. अक्षरं नाही आठवत. मी पाटी दिली तर त्यांनी एक अक्षर काढलं, त्यांच्या नावाचं पहिलं, आणि हात थांबला. मी म्हटलं आजी विसरलात कशा? तर म्हणाल्या, "वाचायला घरात व्हतं काय? एक पंचांग, ते बी सासऱ्याच्या कोनाड्यात."

त्या रात्री मला झोप नाही आली. एवढं गाव शिकलं, एवढा समारंभ झाला आणि साठ वर्षांनी हातात एक अक्षर. तेव्हाच मी ठरवलं की परीक्षा झाल्यावर वर्ग बंद करायचा नाही.

परीक्षा होती १७ मार्च २०२४, रविवार. आमच्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत. १५० गुण, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०, प्रत्येकात ३३ टक्के पाहिजेत. सकाळी १० ते ५ मध्ये आपल्या सवडीने कधीही यायचं आणि तीन तासांत पेपर सोडवायचा, ही सोय ज्याने कुणी ठेवली त्याला खरंच बायकांचा दिवस कळलेला आहे. दोघी कांद्याच्या काढणीवरून दोन वाजता आल्या, हातपाय धुऊन बसल्या. एकीच्या मांडीवर नातू होता. एक काकू नवी साडी नेसून, गजरा घालून आल्या होत्या. पेपर हातात आल्यावर सगळ्यांनी एकदमच पिशव्यांतून, कमरेच्या केळातून चाळीशा काढल्या आणि लावल्या, तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

अकरातल्या नऊ जणी बसल्या, सात पास झाल्या. दोघींना "सुधारणा आवश्यक" असा शेरा आला आणि त्यातल्या एक आमच्या आई. वाचन उत्तम, संख्याज्ञानात सगळ्यांत जास्त गुण, लेखनात कमी पडल्या. त्या दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मला अपराधी वाटत होतं कारण हिशेबात त्या पुढे म्हणून मी त्यांच्या लिहिण्याकडे कमी लक्ष दिलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच वही काढली.

परीक्षेनंतर आम्ही वर्ग बुधवार आणि शनिवार असा ठेवला. पुस्तक बाजूला. किराणा दुकानातून कालचा पेपर आणतो, मोठ्या अक्षरातल्या बातम्या एकेकीने वाचायच्या, निधनवार्ता आणि पावसाच्या बातम्या सगळ्यात आवडीच्या. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख. एसटीच्या पाट्या, कारण १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून आमच्या बायका खूप फिरायला लागल्यात आणि स्टँडवर दर गाडीला "ही कुठं जातीया वो" विचारायला त्यांना नको वाटतं. बँकेतला एक अनुभव पण आहे, आमच्या एका मावशींना काउंटरवरच्या माणसाने सगळ्यांसमोर "अंगठा का, बाजूला बसा" म्हटलं होतं, दोन वर्षांपूर्वी. त्या परीक्षेनंतर मुद्दाम त्याच काउंटरला गेल्या, स्लिप स्वतः भरली, सही केली आणि पैसे मोजून घेतले. काही बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "बोलायची गरजच न्हाय पडली बाई." बाई म्हणजे शिकवणाऱ्या बाई, तेव्हापासून सगळ्याच मला बाई म्हणतात, आधी कुणाची सून म्हणून ओळखायच्या.

आईंनी मात्र सगळ्यात आधी डेअरीची पावती धरली. लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग), दर, रक्कम. एका संध्याकाळी चार पॉइंट पाच लिहून आलं आणि आईंनी पाच लिटर घातलं होतं. त्या तशाच चपला घालून परत गेल्या, पावती दाखवली, दुरुस्त करून आणली. आधी किती पावत्या अशा गेल्या असतील कुणास ठाऊक, त्या म्हणतात ते जाऊ दे. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे पहिले पैसे जमा झाले तेव्हा मेसेज इंग्रजीत आला होता, पण तीन आणि पुढची तीन शून्यं आईंनी स्वतः वाचली आणि मग मला हाक मारली, वाचून घ्यायला नाही, सांगायला.

२३ मार्च २०२५ ला त्या लेखनासाठी परत बसल्या आणि पास झाल्या. प्रमाणपत्र रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवलंय, भिंतीला लावू देत नाहीत.

आजींच्या डोळ्यावर चाळीशी लावून बघितली पण उपयोग झाला नाही, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. पुढच्या महिन्यात एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. आईंनी त्यांच्यासाठी शंभरपानी वही आणून ठेवलीय आणि पहिल्या पानावर आजींचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलंय, सुटं सुटं, अक्षरांमध्ये बोटभर जागा सोडून.